दहा दिवसांचा दिवा

बालाघाट, मंगळवार, संध्याकाळी सात

 आज मी बाबांचा दिवा विझवला.

दोन वर्षं आजार सोसून बाबा गेले, त्याला आज चार दिवस झाले. त्यांच्या जागेवर दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा. काल लालबर्ऱ्याला परत जाताना आत्या बजावून गेली, "दिवा विझला तं त्याले वाट दिसत नाही, बाई."

पण तीस वर्षं दमकलच्या गाडीवर आगी विझवणारे बाबाच सांगायचे, "रिकाम्या घरात जळता दिवा सोडाचा नाही. देवाचाबी नाही."

आई शेजारी गेली होती आणि दिव्याचं तेल संपत आलं होतं. दुकानात जायला तीनदा दारापर्यंत गेले, तीनदा परत आले. शेवटी त्यांच्यासारखीच वात चिमटीत दाबली. आल्याबरोबर पुन्हा पेटवली. दहा मिनिटं झाली असतील. पण त्या दहा मिनिटांत ते कुठे होते? अंधारात? अख्खा मोहल्ला त्यांच्यासाठी रडतो आहे, आणि मीच त्यांची वाट...

लपवणं जमलं नाही. आईला सांगितलं. 

"काल तू आत्याले बसवर सोडाले गेली, तवा मीबी विझवला होता," ती म्हणाली. "पाण्याले जा लागलं. दारात तुह्या बाबाचा आवाजच आला कानात."

म्हणजे दोनदा.

अजून सहा दिवस आहेत. समोर आई बसली आहे. स्वयंपाक व्हायचा आहे, पण दिवा नजरेआड करून उठायची दोघींनाही भीती वाटते.