‘नाई’ कुठल्या ओळीतला

३ ऑक्टो.
रेखाचा फोन बंद पडला, पण आतलं मेमरी कार्ड आज माझ्या छपाई-झेरॉक्सच्या दुकानात उघडलं. धाकटी बहीण माझी. भामरागडकडे नर्स होती. तिथे पावसाळ्यात नेटवर्क नाही. मेसेज लिहून ठेवायची, टॉवर लागला की सोडायची. शेवटचा तसाच राहिला, ज्या तापात ती गेली त्यातला. सगळे मेसेज एका एक्सएमएल फाइलीत आहेत, कोडच्या खुणांमधे अडकलेले. साध्या मजकुरात आणून छापायचे. बाबांना मोबाइलवर दिसत नाही. "मोठ्या अक्षरानं काढजो बाबू."

४ ऑक्टो.
छापलं. शेवटचा असा:

दादा ताप आहे पन भिऊ नोको बाबा येतो म्हंते का नाई आले तर बरं होईन पानी लय आहे

बाबांनी बोट ठेवून वाचलं. "नाई आले तर बरं होईन." परत वाचलं. "म्हंजे तिलेच नोको होतं." आणि ढसाढसा रडले.
पुरात ते तिच्याकडे निघून आलापल्लीपर्यंत गेले होते. पुढची बस बंद म्हणून परतले. ती गेल्यापासून एकच धोशा, "तिथीच थांबलो असतो तं?"
आज रडून झाल्यावर स्वतःहून भात मागितला. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

७ ऑक्टो.
बाबा बांधीवर जाऊन धान पाहून आले. कितीतरी दिवसांनी. शेजाऱ्याला सांगत होते, "पोरीनंच नोको म्हटलं, पानी लय होतं."
मग मला, "काऊन रे, हे असं एका दमात लिवलं तिनं? तिचं तं तुटक राहे. एक गोष्ट, एक ओळ."
खरंय. सुई-गोळ्यांच्या मधे लिहायची बिचारी. ओळी पाहून परत छापतो म्हटलं.

८ ऑक्टो.
मूळ फाइल आहे तशी उघडली. ओळ संपते तिथे खूण म्हणून &#10; लिहिलेलं. मजकूर साधा करणारा कन्व्हर्टर त्याची मोकळी जागा करून टाकतो. लग्नपत्रिकांच्या मजकुराला ते बरं पडतं. आज ओळी राखायला सांगितलं. तर दुकानातल्या जुन्या नोटपॅडला ओळीच्या शेवटाची फोनवाली खूण कळत नाही, विंडोजवाली लागते. सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून आल्या. त्यात एक जोड दिसला.
नाईआले.
झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक हाका मारत होतं. ऐकू येत होतं, उठवेना.
ओळींचे शेवट विंडोजचे केले.

दादा ताप आहे
पन भिऊ नोको
बाबा येतो म्हंते का नाई
आले तर बरं होईन
पानी लय आहे

वाट पाहत होती गं माझी बाई.

१० ऑक्टो.
बायकोला दाखवलं. "नोका सांगू. आत्ता कुठी जेवून राह्यले ते."
पटतं. पण ओळ रेखाची आहे. तिने तोडली तिथून मी कशी हलवू? आणि न हलवता बाबांना कसं

१२ ऑक्टो.
बाबा स्वतःच दुकानात आले. बाकावर बसले, चष्मा पुसला. "झाल्या का तिच्या ओळी? दे."
शाई संपली म्हटलं.
"मंग वाचूनच दाखव ना. तिच्यावानी, थांबून थांबून."
वाचायला लागलो. ताप आहे. भिऊ नोको. बाबा येतो म्हंते का, इथपर्यंत आलो आणि दम ‘नाई’च्या आधी घ्यावा की नंतर, कळेना. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.