नेव्हिसच्या बसमध्ये तोंड उघडावं लागतं

स्टॅनमोर,
जून २००६

तीर्थरूप दादास,

सुलूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि प्रमोदिनीवहिनींचा खोकला गेला का, ते आधी कळव. (वहिनींना विचारलं की त्या सगळं छान आहे म्हणतात, म्हणून तुला विचारते.) आम्ही इथे ठीक. अंबरीश हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात राउंड घेतात, एवढं सोडलं तर तक्रार नाही. तनूच्या लग्नाचा विषय काढला की तू फोन वहिनींच्या हातात देतोस. दिवाळीपासून हेच चाललंय. पत्र असं निम्म्यात दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तर आम्ही नेव्हिसला जाऊन आलो. नकाशात शोधू नकोस, चष्मा लावूनही सापडायचं नाही. वेस्ट इंडिजमधलं एवढंसं बेट आहे. मधे डोंगर, डोंगरावर कायमचा ढग आणि भोवती एकच रस्ता. तनूचा कर्टिस मँचेस्टरमध्ये जन्मला, वाढला, पण त्याची आजी, मिस एर्मा (तिकडे आजीलाही मिसच म्हणतात), तिथे असते आणि त्या घरात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. मुलीकडच्यांनी रीतसर जाऊन बोलणी करावीत म्हणून आम्ही निघालो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी इल्फर्डला जाऊन साडी, पेढे आणि चांगला शेंडीचा नारळ आणला.

अँटिग्वाला विमान बदललं. हे दुसरं विमान आपल्या सहा आसनी रिक्षाच्या नात्यातलं. तिथे बॅगांबरोबर माणसांचंही वजन करतात, आणि काउंटरवरच्या बाईंनी माझा आकडा अशा खणखणीत आवाजात वाचला की रांगेतल्या शेवटच्या माणसाने सहानुभूतीने मान हलवली. मग तोल साधावा म्हणून अंबरीशना शेपटाकडे आणि मला पायलटच्या शेजारी बसवलं. पायलट मोठा सज्जन. दोन्ही हात सोडून मला खालची बेटं दाखवत होता. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, त्यामुळे बेटांचं वर्णन करता येत नाही.

नेव्हिसला उतरल्यावर कस्टमच्या बाईंनी बॅगेतून नारळ काढला. तो पाहिला, मला पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर क्षितिजापर्यंत माडच माड. त्यांनी दोन सहकाऱ्यांना बोलावलं. तिघांनीही गंभीरपणे नारळ हाताळला आणि नियमाप्रमाणे ठेवून घेतला. कुणी हसलं नाही, हे त्यांचे संस्कार. (अंबरीश हसले.)

आता बसचं. बस म्हणजे एक व्हॅन. ती भरली की निघते आणि सांगाल तिथे थांबते. अंबरीशनी पंचवीस वर्षं लंडनच्या ज्युबिली लाइनच्या ट्रेनने प्रवास केलेला. कुणाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, पेपर उघडायचा, हा त्यांचा प्रवासधर्म. ते तसेच चढले आणि मीही मागोमाग मुकाट्याने बसले. बसमधलं बोलणं एकदम थांबलं. पुढे जो कुणी चढला तो "गुड आफ्टरनून" म्हणाला आणि सगळ्या बसने त्याला उत्तर दिलं. मी अंबरीशना कोपराने ढोसलं, तर म्हणाले, "अगं, ते सगळे एकमेकांचे रिलेटिव्ह्ज दिसतायत, आपण कशाला इंटरफिअर करायचं?" बस वाटेत कुणाचा गॅस सिलेंडर उतरवत, रस्त्यात बसलेल्या शेळीची मर्जी सांभाळत चालली होती. एक बाई वळणावर उतरून पायवाटेने चढून गेल्या. आम्ही कुठे जाणार हे ड्रायव्हरने विचारलंसुद्धा नाही. बरोबर मिस एर्मांच्या फाटकाशी थांबला.

पायवाटेच्या बाई आमच्या आधीच ओसरीवर सरबत पीत बसल्या होत्या. शेजारी मिस एर्मा, चर्चची हॅट घालून. अंबरीशनी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. शांतपणे म्हणाल्या की डॉक्टर, तुम्ही बसमध्ये कुणाला गुड आफ्टरनून म्हटलं नाहीत असं कळलं. चढणाऱ्याने आधी म्हणायचं, बसलेल्यांनी उत्तर द्यायचं, मग वाटेत भांडलात तरी चालतं. तुम्ही आमच्या माणसांकडे पाहिलंही नाही, तेव्हा मला वाटलं की तुम्हाला हे नातं नकोच आहे.

दादा, एवढ्या लांब येऊन पोरीचं लग्न आपण बसमध्येच मोडून आलो, या विचाराने मला रडूच कोसळलं. अंबरीशनी रस्त्याकडे पाहिलं. तीच बस परत येताना दिसली तसे फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, बस थांबवली, आत चढले, सगळ्यांना खणखणीत "गुड आफ्टरनून" म्हणाले आणि खाली उतरले. सगळी बस उत्तराला ओरडली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मिस एर्मांनी ग्लास भरून आल्याचं सरबत अंबरीशच्या हातात दिलं.

पुढे बोलणी झाली. त्यांच्यात मुलीला चर्चमध्ये वडील आणतात. मी सांगितलं, आमच्यात मामा आणतो बोहल्यावर. मग मामा काय म्हणतो, असं त्यांनी विचारलं. मामा कामात असतो, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी अंबरीशकडे पाहिलं होतं तसंच.

बाकी क्षेम. अंबरीश आता स्टॅनमोरला ट्रेनमध्ये चढताना सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतात. डब्यात बसायला ऐसपैस जागा मिळते.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुलू

ता. क. निघताना मिस एर्मांनी अंगणातल्या माडाचा नारळ दिला. तुमच्या कामातल्या भावाला द्या म्हणाल्या. लंडनच्या कस्टमने काही हरकत घेतली नाही. देवाजवळ ठेवलाय. लग्न ऑगस्टमध्ये हॅरोला आहे. भटजी "मामा, मुलीला आणा" म्हणतील तेव्हा मी कुणाकडे बघू? गुडघ्याची सबब सांगू नकोस, तिथे जिना नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तनू आली. बसची गोष्ट मी तिला पुन्हा सांगितली. खाली जरा जागा ठेव म्हणाली. सुट्टीत पुण्याला यायची तेव्हा तू अक्षरं गिरवून घेतली होतीस, तेवढ्यावरच लिहिलंय. वाकडं आहे, पण वाचता येईल.

मामा, गुड आफ्टरनून.
तनू