आप्पांचं पान, आत्यांचा फ्लश

२२ सप्टेंबर, रविवार

आज पितरपाठातली पंचमी. आप्पांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, पान होतं. आणि फ्लशनं आजचाच दिवस निवडला.

बंद पडला म्हणावं तर बंद नाही. बटण दाबलं की पाणी येतं. पण खाली जात नाही. भांड्यात वर चढतं, काठाशी येऊन थांबतं, मग गुडगुड करत, बुडबुडे सोडत, रडतखडत उतरतं. जे जायला हवं ते तिथंच. आत्या आत, मी दाराबाहेर बादली घेऊन उभी. आतून म्हणाल्या, "हर्षाली, तू जा. तुझ्या आईला बी पाठवू नकोस." मग बराच वेळ दार उघडलंच नाही.

वर कावळाही शिवला नाही. अण्णा, माझे वडील, स्लॅबवर पान ठेवून खाली आले, आम्ही सगळे अंगणात. कावळे लिंबावर ओरडत होते, घिरट्या घालत होते, पण उतरत नव्हते. वारं होतं. वर कुठंतरी काहीतरी सारखं फडफडत होतं, कुणाचं धुणं असावं. शेवटी पान गाईला दिलं.

आत्या जेवल्या नाहीत. "आप्पाची कायतरी विच्छा ऱ्हायलीय," एवढंच.

२३ सप्टेंबर

हा कमोड माझा हट्ट. गेल्या पावसाळ्यात आत्या उमरग्याला घराच्या अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. अण्णांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, मालक कधीच गेले. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, उकिडवं बसायचं नाही, आता जन्मात नाही. सांधा निसटला तर परत चालणं कठीण. उमरग्याच्या घरी साधा संडास. आमच्याकडंही तोच, अंगणात. मग मी म्हटलं, त्यांना इथं आणू आणि घरातच कमोड बसवू. घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणून माझं ऐकलं गेलं. गावात अजून त्याला 'हर्षालीचा कमोड' म्हणतात. वापरतात फक्त आत्या.

मला खरंच वाटलं होतं की एक भांडं बसवलं की माणसाची अडचण संपते.

शाळेत शिकवून आल्यावर फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं. आतला फ्लोट खाली होता, टाकी निम्मीच भरत होती. सापडलं! स्क्रू फिरवून फ्लोट वर घेतला, टाकी खुणेपर्यंत भरली. बटण दाबलं. आता पाणी दुप्पट आलं आणि भांडं काठोकाठ भरलं. फरशीवर येता येता राहिलं. आई दारातून बघत होती. "आदी निदान भांड्यात तरी ऱ्हात व्हतं," म्हणाली.

२४ सप्टेंबर

आत्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. उरलेली पदराआड लपवून गाईला नेऊन दिली.

२५ सप्टेंबर

मोबाईलवर वाचलं. भांड्याच्या काठाखाली बारीक भोकं असतात, त्यातून पाणी गोल फिरत येतं. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून ती बुजतात. आरसा धरून बघितलं तर खरंच, पांढरा दगडासारखा थर. लिंबूसत्व कोमट पाण्यात कालवून लावलं, तासभर ठेवलं, केसांच्या आकड्यानं एकेक भोक मोकळं केलं. पाठ धरली.

आता पाणी चहूबाजूंनी सुरेख येतं. आणि तसंच गुडगुड करत थांबतं.

पाणी येतं कसं ते मी सुधारत बसलेय. अडचण जाण्याची आहे. पण जाण्याच्या वाटेत आहे काय? तिथं डोळा पोचत नाही.

२६ सप्टेंबर

तेरहून सोमलिंग प्लंबर आला. फोनवर सांगितलेलं सगळं परत सांगितलं. तो ऐकत होता की चहाची वाट बघत होता, कळलं नाही.

आधी म्हणाला चोकअप. लांब तार घातली, शेवटपर्यंत सरळ गेली, काहीच अडकलं नाही. मग म्हणाला, सेप्टिक टाकी भरली असंल. अण्णा म्हणाले, "गेल्या सालची टाकी. एकटं माणूस वापरतंय. ती काय भरती?" तरी कडेचं झाकण सरकवून बघितलं. भरली नव्हती. झाकण परत सिमेंटनं लिंपून टाकलं.

"मग म्याडम, भांडंच काढा. साधं बसवा. ह्ये शहरातलं इकडं चालत न्हाय."

"ज्यांच्यासाठी बसवलंय त्यांना साध्यावर बसता येत नाही."

"मग अवघड हाय," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेच जास्त लागलं.

२७ सप्टेंबर

आज आत्यांना चक्कर आली. कॉटवरून उठताना भिंत धरली, मग माझा हात. तळवा कोरडा, ओठ फुटलेले. उशाशी तांब्या. सकाळी आईनं भरून ठेवला तसाच भरलेला.

"आत्या, पाणी का पीत नाही तुम्ही?"

"तान न्हाय."

"खरं सांगा."

त्या तांब्याकडं बघत राहिल्या. "प्यायलं की जावं लागतं. गेलं की तुझी आई बादल्या वाहते. भावजयीनं माझी घाण ढकलायची? मी थोरली हाय ह्या घरची." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "अमावास्या झाली की मी चालले उमरग्याला. घट बसवायचेत. गेल्या साली चुकले."

"तिथं तुम्हाला बसता येणार नाही."

"बघू की. इतकी वर्षं काय हवेत बसत व्हते?"

मी हसले नाही. पितरपाठात प्रवास नको म्हणून थांबल्यात, एवढंच. म्हणजे माझ्याकडं अमावास्येपर्यंतचाच वेळ. तोवर फ्लश चालला नाही तर त्या जाणार, आणि तिथं पहिल्याच सकाळी उकिडव्या बसणार.

आईला सांगितलं. तिनं बादली जोरात आपटली. "मला काय जड हाय का? सासूचं केलंय मी सगळं." पण हे आत्यांना जाऊन सांगत नाही. त्या आईला सांगत नाहीत. दोघी माझ्याजवळ बोलतात आणि मी संडासात आरसा धरून बसते.

२८ सप्टेंबर

काही सुचत नाही. टाकीतलं वायसर बदललं. ते चांगलंच होतं.

२९ सप्टेंबर, रविवार

आईनं वड्यांसाठी तेलाचा नवा डबा काढला. खिळ्यानं एका कोपऱ्याला भोक पाडलं, डबा कलता केला. तेल धड येईना. भक् भक् करून थोडं उडायचं, थांबायचं, परत भक्.

मी चूल सोडून बघत राहिले. तोच आवाज. अगदी तोच.

"बघतीस काय? खिळा दे हिकडं," आई म्हणाली. समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक ठोकलं आणि सरळ धार लागली. "वारं आत जायला नगं व्हय?"

वारं! वरून पाणी आलं की खालच्या टाकीतली हवा कुठंतरी निघायला हवी. तिला वाट नसेल तर ती पाण्यालाच मागं रेटणार. गुडगुड तीच. आणि तिची वाट म्हणजे टाकीतून निघून भिंतीला धरून स्लॅबच्या वर गेलेला हवेचा पाईप. मी आठवडाभर खालीच वाकून बघत होते. वर मान केलीच नाही.

शिडी लावून चढले. पाईपाच्या तोंडावर खताच्या पिशवीचा तुकडा, सायकलच्या ट्यूबनं करकचून आवळलेला. एक टोक सुटून फडफडत होतं.

खाली आल्यावर अण्णांना विचारलं.

"मीच बांधलं. पंचमीच्या आदल्या दिशी. अक्का म्हणली म्हणून."

"अण्णा, त्यामुळंच फ्लश अडलाय."

"खुळी हैस का? त्यो वर, ह्यो खाली. दोगांचा काय संबंध?"

मग हळूहळू सगळं सांगितलं त्यांनी. गेल्या वर्षी कमोड नवा. आप्पांच्या पानाला दुपार टळली तरी कावळा शिवला नव्हता. आत्या म्हणाल्या, पाईपाचा वास येतो, पान त्याच्याच शेजारी, कोण जेवेल तिथं? आमचा स्लॅब दोन खोल्यांपुरता, बाकी पत्रा. पान दुसरीकडं ठेवायला जागा नाही. म्हणून यंदा आधीच तोंड बांधून घेतलं. अमावास्येलाही पान ठेवायचं, म्हणून सोडलं नाही.

म्हणजे आत्यांनी आपल्या वडिलांसाठी बांधून घेतलं आणि अडलं त्यांचंच. अण्णा लिंपलेल्या टाकीच्या झाकणाकडं बघत होते. "सोमलिंग बी पाईपाचं काय बोलला न्हाय," एवढंच म्हणाले.

३० सप्टेंबर

आत्यांना सांगितलं. तेलाच्या डब्यासकट सांगितलं. कळलं त्यांना, कळलेलं डोळ्यांत दिसलं. मला वाटलं आता म्हणतील, जा, सोड.

"अमावास्येपत्तूर ऱ्हाऊ दे."

"आत्या!"

"पंचमीला आप्पा आले न्हाईत. आता तरी येऊ देत. मला चक्कर येती म्हणून त्यांनी वासात जेवायचं का? दोन दिस मी खात न्हाय. उपास समज."

"पत्र्यावर ठेवू पान."

"पत्र्यावरनं घसरतं."

मी चिडले. उठून बाहेर आले. हवेचा दाब मला समजावता येतो. वडील जेवायला आले नाहीत म्हणून सत्तरीची मुलगी उपाशी बसते, याला मी काय समजावणार? त्यांचा विश्वास मोडायचा मला हक्क आहे का? आणि त्या विश्वासापायी त्यांना कोरडं पडू द्यायचा आहे का? कॉलेजात वादविवादात मी अशा विषयांवर बोललेय. दोन्ही बाजूंनी बोललेय. बक्षीस मिळालंय.

अण्णा म्हणाले, "तिचं ऐक."

आई म्हणाली, "तुला कळतंय तर कर की. इचारतीस कशाला?"

ती चिडून म्हणाली की खरंच म्हणाली, तेही कळलं नाही.

१ ऑक्टोबर

शिडी गोठ्याशी टेकवलेली आहे. उद्या शाळेत स्वच्छतेची शपथ मुलांकडून मीच म्हणवून घ्यायची आहे.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री

सकाळी आई गोठ्यात, अण्णा रानात. चढले. ट्यूब सुटेना, विळ्यानं कापली. पिशवीचा तुकडा घडी करून दप्तरात घातला. खाली येऊन बटण दाबलं. एकच घोट, आणि भांडं स्वच्छ. गुडगुड नाही, काही नाही. उभी राहून परत एकदा दाबलं. मग कुणालाही न सांगता शाळेला गेले. शपथ म्हणवून घेताना दप्तराकडं लक्ष जात होतं.

दुपारी पान ठेवलं. भात, खीर, वडे, भजी. पान मीच वर घेऊन गेले. अण्णांचा पाय दुखतोय म्हटलं तर त्यांनी शिडी धरली. अंगणात आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, तोंड स्लॅबकडं. आई, अण्णा, मी. कावळे लिंबावर. येईनात.

नाही आला तर? मी केलं म्हणून नाही आला, हे मला स्वतःलाच वाटायला लागलं. मला, जिनं बी.एस्सी. केलंय!

अण्णांनी हात जोडले. "आप्पा, बांधावरली चिंच तोडत न्हाय. शब्द देतो."

काही नाही.

आई म्हणाली, "मामंजी, फुडल्या साली पुरणाचं करते. आवंदा गडबड झाली."

काही नाही. आत्यांची मान खाली गेली. मी तोंड उघडलं, सांगून टाकणारच होते. तेवढ्यात अण्णा परत बोलले, पण वर बघून नाही, जमिनीकडं बघून.

"आप्पा, अक्काला उमरग्याला धाडत न्हाय. ती हितंच ऱ्हाईल. तिचंच घर हाय ह्ये."

"व्हय मामंजी," आई मागून म्हणाली. "वन्सं गेल्या तर मला करमत न्हाय."

हे आईनं कधी ठरवलं?

लिंबावरून एक कावळा सुटला. पानावर नाही, थेट पाईपाच्या उघड्या तोंडावर बसला. मान तिरकी करून आत डोकावला. मग टुणकन पानावर उतरला आणि वडा उचलला. मागून बाकीचे.

आई रडत होती. अण्णा नाक पुसत होते. आत्या नुसत्या वर बघत होत्या.

मला काहीच ठरवता येत नाही. पंचमीला जे फडफडत होतं ते धुणं नव्हतं, ती पिशवीच होती. कावळे तिलाच बुजले असणार. ज्याच्यासाठी बांधली त्यालाच तिनं हाकललं. हे पटतं. पण आज फडफड नसताना तो इतका वेळ का थांबला? नेमका अण्णांच्या शब्दानंतरच का उतरला? वर्गात कुणी विचारलं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. इथं लिहायला हात होत नाही.

३ ऑक्टोबर

घट बसले, इथंच. उमरग्याचे घट दिराचा मुलगा बसवेल. आत्यांनीच फोन करून त्याला सांगितलं.

गोळी द्यायला गेले तर हळूच म्हणाल्या, "पाईपावरली पिशवी कुठं टाकलीस?"

मी दप्तराकडं बघितलं.

"खुर्चीवरनं समद्यात आदी उघडा पाईपच दिसला मला."

"मग काल बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझ्या बापानं परत चढून बांधला असता." आणि तांब्या पुढं केला. "भर. काठापत्तूर."