दोनशेवं निरोगी मूल

सोमवार, ४ ऑगस्ट
आजपासून सिगारेट बंद. तशी होतीच कुठे? दिवसाला दोन, त्याही गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. घरात कुणाला पत्ता नाही.
हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी काम सोपवलंय. निरोगी मुलांची फुप्फुसं किती जोरात हवा फुंकतात, त्याचे आकडे ठरवायचे. महिनाअखेर दोनशे मुलं झाली पाहिजेत, नाहीतर काम काढून घेणार म्हणाले. दोनशे म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

मंगळवार, ५ ऑगस्ट
शाळेत मशीन मांडलं. मुलं झाली चार. नाकाला चिमटा लावला की हसतात, हसली की हवा नळीच्या बाजूनं पळते. मेणबत्ती विझवल्यासारखं फुंका म्हटलं, तर एकीनं केक कुठाय विचारलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
मशीन नीट आहे ना, हे बघायला रोज सकाळी एका निरोगी माणसानं फुंकायचं असतं. तो मान अर्थातच माझा. आज आकडा कमी आला. मशीन बिघडलंय. टेक्निशियन बाईंनी फुंकलं तर बरोबर आला. मशीन ठणठणीत आहे सर, म्हणाल्या. बाईंना तांत्रिक बाबी कळत नाहीत.
संध्याकाळी गच्चीवर एकच. विचार करायला.

गुरुवार, १४ ऑगस्ट
माझा आकडा आणखी खाली. हवा दमट आहे. कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट
एकशे एकतीस मुलं झाली. फॉर्म मीच कडक केलाय: दमा, खोकला किंवा घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल तर मूल बाद. बाई म्हणाल्या, जरा सैल करू या. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. पोरं घरात असताना धूर काढणाऱ्या बापांना लाज वाटायला हवी, हेही शिक्षकांसमोर मोठ्यानं बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
एकशे नव्व्याण्णव! परवा रविवार, म्हणजे उद्याच शेवटचा दिवस आणि एकच मूल हवंय. काखेत कळसा नि गावाला वळसा. आमची धाकटी आहे की! नऊ वर्षांची, जिना धावत चढते.

शनिवार, ३० ऑगस्ट
धाकटीनं पहिल्याच फुंकरीत सगळ्यांत वरचा आकडा काढला. ऊर भरून आला. मग बाईंनी फॉर्म पाहिला. तो तिनं स्वतः भरला होता, खाली तिच्या आईची सही. घरात कुणी सिगारेट ओढतं का, या प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात: हो. बाबा. टाकीच्या मागे. रोज चार. आम्ही त्यांना सांगत नाही, त्यांना वाईट वाटेल.
बाईंनी माझ्याकडे न बघता फॉर्मवर 'बाद' लिहिलं. दुपारी मोठ्या सरांनी काम बाईंकडे दिलं. रोज सकाळी फुंकायचा मानही.
घरी आलो तेव्हा धाकटीनं जिन्यात विचारलं, बाबा, मी नापास झाले का? नाही म्हणालो. मग कोण झालं, म्हणाली. सांगणार होतो, पण दुसऱ्याच मजल्यावर दम लागला. ती माझा हात धरून, मी श्वास घेईपर्यंत थांबली.