देठाजवळची खिडकी

माय,

१. वेळ अमावस्येच्या, आपल्या येळवशीच्या, आदल्या दिवशी शेतात न्यायच्या भज्जीच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलताना मला एका शेंगेवर, देठाजवळ, लांबट खिडकी दिसली.
२. तसल्या एकवीस शेंगा मी बरणीत ठेवून वर मलमलीचं फडकं बांधलं.
३. नवव्या दिवशी माशी बाहेर आली. काळी, दोन मिलिमीटर.
४. ही जात आजवर कुणीच नोंदवलेली नाही.

खिडकी म्हणजे अळी आतून साल खरवडून जो पातळ पापुद्रा ठेवते, तो. माशी तो फोडून बाहेर पडते. नेहमीच्या माशीची खिडकी गोल असते. पण जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकावरून. ते मी सूक्ष्मदर्शकाखाली चौदा वेळा पाहिलं. काय पाहिलं, हे लाजेपायी तुला तोंडावर सांगता आलं नसतं. चौदाव्यांदा मी उठून प्रयोगशाळेत दोन फेऱ्या मारल्या. एवढा आनंद मला बसून सोसवत नव्हता.

आठवतं? अशाच एका जुन्या येळवशीच्या आदल्या दिवशी संतपूरच्या स्वयंपाकघरात तू पाय पसरून बसली आहेस, पुढ्यात सूप. मी कृषी महाविद्यालयातून पहिल्याच सुट्टीवर आलेय. लांबट खिडकीच्या शेंगा तू वेगळ्या टाकतेस. "कामून टाकायलीस?" मी विचारते. "ही माशी येगळी हाय. हिचा दाणा कडू लागतो." मी म्हणते, पुस्तकात एकच माशी आहे. तू मान वर न करता म्हणतेस, "पुस्तक लिव्हणाऱ्यानं कधी शेंगा सोलल्या व्हत्या का?" मी हसले आणि त्या सगळ्या शेंगा सोलून दाणे तुझ्या सुपात मिसळले. दुसऱ्या दिवशी शेतात भज्जी कडवट लागली. तू सगळ्यांना सांगितलंस, मेथी जास्त पडली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

आता नावाचं. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तालुक्याचं नाव दे, कुणी हरकत घेणार नाही. मी तुझं दिलं, बाईच्या नावाला लॅटिनमध्ये लावतात तो शेवट लावून. अप्पांना फोन केला तर ते खो खो हसले. "व्हय गं, जलमभर माश्या हाकलल्या तिनं, आता तिचंच नाव माशीला!" कुणाला सांगू नका म्हटलं होतं. त्यांनी औरादच्या बाजारात तिघांना सांगितलं. एकानं विचारलं, मग हिच्यावर औषध कोणतं मारायचं? अप्पा त्याच्याशी अजून बोलत नाहीत.

शोधनिबंधात नावाचं कारण एका वाक्यात द्यावं लागतं. मी लिहिलंय: "दोन माश्यांच्या खिडक्यांमधला फरक माझ्या आईने प्रथम ओळखला." वाक्य खरं आहे, पण पुरं नाही. तू दाखवलंस तेव्हा मी तुला चूक ठरवलं, हे त्यात नाही. लिहायला बसले होते, तीनदा खोडलं.

मजकूर मंगळवारी छपाईला जातो. नावाला तुझी हरकत असेल, किंवा ते दुसरं वाक्यही घालावं असं वाटत असेल, तर सोमवारपर्यंत कळव.