दोन रोगांचा जावई

चि. भुपेंद्र यास,

कोहमाऱ्याच्या साळ्याला गोंदियाच्या दवाखान्यातून भाऊजी केवलरामचा रामराम. तुझा ढाबा आणि लेकरंबाळं बरी असतील. माझी बायको, म्हणजे तुझी बहीण शामकला, साथ सुरू झाल्यापासून तुझ्याकडे आहे. तिचा दमा कसा आहे ते आधी कळव. माझं म्हणशील तर मस्त. एक कोरोना, वर फ्लू, आणि दोघांनाही मी भीक घालत नाही.

झालं असं, मी कोरोनाच्या वॉर्डात आणि दरेकशाचा चुन्नीलाल नावाचा गडी फ्लूच्या वॉर्डात. मध्ये एक जाळीची खिडकी, जाळी खालून फाटलेली. (ती शिवली नाही हा दवाखान्याचा दोष, माझा नाही.) चुन्नीलालनं बनियनमध्ये दडवून खर्रा आणला होता. आता तूच सांग, समोरचा माणूस सुपारी-तंबाखू घोटलेली पुडी पुढे करतो, तेव्हा नाही म्हणायची आपल्याकडे रीत आहे का? चिमूटभर त्यानं घ्यायचा, चिमूटभर मी, बोटं चाटून पुडी परत. पुढच्या तपासणीत त्याला माझा कोरोना निघाला आणि मला त्याचा फ्लू! डॉक्टरमॅडम डोकं धरून बसल्या. "काका, हे झालंच कसं?" मी म्हटलं, "मले काय मालूम? डॉक्टर तुम्ही आहात."

मग तर कोरोनावाले म्हणाले, हा फ्लूवाला इथे नको. फ्लूवाले म्हणाले, कोरोनावाला नको. (सोयरिकीत नाकारलेला नवरदेवही इतका फिरत नसेल.) शेवटी आम्हा दोघांना जिन्याजवळची खोली दिली. चुन्नीलाल दिवसभर कण्हून राहिला आणि मी त्याला दम देऊन राहिलो, "मरशील तर खबरदार!" मॅडम म्हणतात, दोन्ही मिळून फुप्फुसाला जड जातात, ऑक्सिजन काढू नका. नाही काढत. पण भ्यायचं काऊन? यांना माझ्या छातीत राहायचं तर माझ्या ऐकण्यात राहावं लागेल.

तुझा भाऊजी,
केवलराम

ता. क. : खर्ऱ्याचं शामकलाला सांगशील तर याद राख. मी सोडला असं ती समजते.

आणखी ता. क. : खरं काम हे आहे. ती डबा घेऊन इकडे निघेल. तिच्या दम्याला या दोन रोगांतला एकही झेपणार नाही. चप्पल लपव, भांडण कर, बस चुकव, पण येऊ देऊ नको. माझं काही बरंवाईट झालं तरी नको.

शेवटचं ता. क. : आणि ऐकलंच नाही तिनं, तर खाली अंगणात लांब उभी कर, जिन्याच्या खिडकीसमोर. हिरवं लुगडं नेसायला सांग. चष्मा घरीच राहिला, पण हिरवं मले वरून दिसते.