हळव्या माणसाची जल्लाद

प्रिय दादा,

तू सांगितलेलं काम झालं. काल संध्याकाळी वहिनीकडे जाऊन आले. तुला एवढंच कळायला हवं असेल, तर पत्र इथेच घडी करून ठेव आणि खुशाल समुद्राकडे बघत बस. पण तू पुढे वाचशील. आपल्याबद्दल कोण काय म्हणालं हे ऐकायची तुला लहानपणापासून भारी हौस.

फोनवर तुझा आवाज काय भरून आला होता! "तूच सांग तिला. मी सोडून जातोय हे मी समोर बसून सांगितलं तर ती रडेल, आणि मला ते बघवणार नाही." म्हणजे संसार मोडायचा तुला, त्या नव्या मैत्रिणीबरोबर हवा खायला जायचं तुला, आणि बघवणार नाही तेही तुलाच. वर लाडात येऊन म्हणालास, "वाघीण आहेस माझी." हा शब्द कानावर पडला की मी समजते, आता कुणाची तरी मान माझ्या हातात येणार.

शाळेतलं नाटक आठवतंय? तू राजा होणार यात कुणाला शंकाच नव्हती. आवाज गोड आणि डोळ्यांतलं पाणी हुकमी. जल्लाद व्हायला मात्र एकही मुलगा तयार होईना, तेव्हा बाईंना माझं नाव तूच सुचवलंस. तोंडाला काजळी फासून आणि हातात पुठ्ठ्याची कुऱ्हाड घेऊन मी उभी. सिंहासनावरून उसासा टाकून तू म्हणायचास, "न्यायापुढे मी तरी काय करणार? याला घेऊन जा." मग त्या कैद्याला फरफटत न्यायचं काम माझं. लोकांनी तुझ्यासाठी रुमाल काढले आणि माझी छी-थू केली. नाटक संपल्यावर मावशीनं आपल्या धाकट्याला माझ्याजवळ येऊ दिलं नाही, तो घाबरेल म्हणे. शिक्षा सुनावणारा तिच्या शेजारी बसून लिमलेटची गोळी चघळत होता, त्याची कुणाला भीती वाटली नाही.

तेव्हापासून आपल्या घरात ही वाटणी कायमची झाली. म्हाताऱ्या कुत्र्याला उठता येईना, त्याला सुई देऊन झोपवायचं तू ठरवलंस. त्याच्या गळ्यात पडलास, ढसाढसा रडलास आणि खोलीचं दार लावून घेतलंस. डॉक्टरांच्या टेबलावर त्याचं डोकं मी धरलं होतं. घरी आले तर आई तुझ्या केसांतून हात फिरवत होती, आणि मला म्हणाली, "तुझं एक बरं आहे बाई, तुझं मन घट्ट आहे." पुढे तुझं ठरलेलं पहिलं लग्न तूच मोडलंस, पण नकार सांगायच्या दिवशी तुला ताप भरला. तुला ताप नेहमी अगदी वेळेवर यायचा. मी गेले. त्या मुलीच्या आईनं माझ्या तोंडावर दार आपटलं. दाराआडून ती म्हणत होती, "मुलगा देवमाणूस आहे हो, ती बहीणच कैदाशीण आहे."

आणि बाबांचा कारखाना! पत्र्याचे साधे डबे बनवायचा, पण तिथेही साहेब तू आणि माणसं कामावरून काढायला मी. जिन्याखालच्या त्या खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि कुरकुरणारा पंखा. मी कुणाला तिथे बोलावलं की बाहेर कुजबुज सुरू व्हायची, "जल्लाद निघाली." मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटायचं. तू त्या दिवशी हमखास बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी मात्र त्या माणसाच्या घरी तुझा पुष्पगुच्छ पोहोचायचा, सोबत चार हळवे शब्द. लोक म्हणायचे, साहेब असते तर असं झालं नसतं. ज्याची दोन बोटं आपल्या कापणी यंत्रात गेली तो म्हातारा कारागीर आठवतो ना? आठवत नसेल. उद्यापासून येऊ नका, असं मी त्याला सांगितल्यावर तो उठला, खुर्ची सरळ केली आणि म्हणाला, "ताई, साहेबांच्या कानावर लगेच घालू नका. त्यांना फार लागेल." समोरच्या कागदावर तुझी सही होती, दादा. ती मी फसवून घेतली असणार, असंच त्याला वाटलं.

मी पुष्कळदा विचार करते, खरा जल्लाद माझ्याहून सुखी असेल. तो दोर ओढतो, पण निकाल त्याचा नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि निकाल देणारा निदान भरल्या कोर्टात, समोरच्याच्या तोंडावर तो वाचून दाखवतो. तुझ्यात तेवढीही धमक नाही. तू केसानं गळा कापतोस आणि वर केसालाच दोष देतोस. मला तुझी चीड येत नाही आता. किळस येते. ओल्या पायपुसण्यावर पाय पडल्यासारखी.

तर वहिनी. ती शाळेतल्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं. ती रडली नाही. ती बाई कोण, कधीपासून, काहीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "त्यानं तुला पाठवलं?" मी मान हलवली. तिनं लाल पेनाचं टोपण लावलं आणि ती हसायला लागली. "माझ्या भावाच्या अंत्यविधीला मला एकटीलाच जायला लावलं होतं यानं, तेव्हा म्हटलं, हळवा आहे. आज कळलं, साधा भित्रा आहे." मग आम्ही दोघी हसलो, दादा. हसता हसता माझेच डोळे वाहायला लागले आणि तिनं मला जवळ घेतलं. ज्याला मी असली बातमी दिली, अशा माणसानं मला जवळ घ्यायची ही पहिलीच वेळ.

कारखान्याचं म्हणशील तर रंगकाम विभाग बंद करायचं तू ठरवून गेला आहेस. मी राजीनामा टेबलावर ठेवला आहे आणि त्या सगळ्यांना सांगितलं आहे की सोमवारी साहेब स्वतः तुमच्याशी बोलणार आहेत. बिचारे खूश झाले. ताप आणू नकोस, ते तुला बघायला घरी येतील, आणि घर आता तुझं नाही.

हो, हेच सांगायला पत्र लिहिते आहे. वहिनी तुला परत घरात घेणार नाही. तू चार दिवसांनी रडवेला चेहरा करून "चुकलो" म्हणत आलास तरीही नाही, आणि तू येशील हे आम्हा दोघींनाही पक्कं माहीत आहे. कुलूप बदललं आहे. तुझे कपडे कारखान्याच्या वॉचमनकडे आहेत. वहिनी तुला फोनवर हे स्वतःच सांगणार होती. तिला माझ्यासारखं कुणी लागत नाही. नंबर लावलासुद्धा होता तिनं. मीच तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हटलं, "वहिनी, हे एवढं मला करू दे." आयुष्यात पहिल्यांदाच हे काम मी मागून घेतलं. आजवर असं काही करायचं असलं की त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आज पोटभर जेवले, आणि मग लिहायला बसले.

तुझीच, सख्खी आहे म्हणून,
धाकटी